जुन्या दाहशामकांतून नवी प्रतिजैविके

घरातील औषधांचा डबा उघडला की त्यात काही गोळ्या हमखास सापडतात. गुडघेदुखीसाठी आणलेली डायक्लोफिनॅक, दाढ दुखत होती तेव्हाची उरलेली आयबुप्रोफेन आणि घरातील ज्येष्ठांपैकी कोणाला हृदयविकार असेल तर रोज घ्यावयाची अ‍ॅस्पिरिन. या साऱ्या औषधांचे कुळ एकच, ते म्हणजे दाहशामक औषधांचे. सूज उतरवणे, वेदना कमी करणे आणि ताप खाली आणणे हे त्यांचे काम. जंतूंशी त्यांचा थेट संबंध असल्याचे आपल्याला कोणी सांगितलेले नसते. संसर्ग झाला की डॉक्टर त्यासाठी वेगळे औषध, म्हणजे प्रतिजैविक, लिहून देतात.

तरीही गेल्या पाव शतकात जगातील अनेक प्रयोगशाळांत एक प्रश्न गांभीर्याने विचारला जात आहे. ही दाहशामके जिवाणूंनाही मारू शकतील काय? या प्रश्नाचे उत्तर दुपदरी आहे. डब्यातील गोळी आहे त्या स्वरूपात आणि नेहमीच्या मात्रेत संसर्ग बरा करीत नाही. पण तिच्या रेणूचा अभ्यास करून त्यात योग्य फेरबदल केले, तर त्यातून जिवाणूंविरुद्धचे नवे औषध घडू शकते. हे निव्वळ स्वप्नरंजन नव्हे. १९४० च्या दशकात असे एकदा प्रत्यक्ष घडले आहे आणि त्या औषधाचा भारतातील क्षयोपचारांशी जवळचा संबंध आहे.

निकड कशाची?

मुळात जुन्या औषधांकडे नव्या नजरेने पाहण्याची वेळ का आली, हे आधी समजून घेतले पाहिजे. प्रतिजैविकांचा वापर जसा वाढला, तसे त्यांना दाद न देणारे जिवाणूही वाढले. २०२२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार, केवळ २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसे दगावली असावीत. दुसरीकडे नव्या प्रतिजैविकांचा ओघ मात्र आटला आहे. क्षयरोगाचेच उदाहरण घ्या. बेडाक्विलिन हे सर्वस्वी नव्या गटातील औषध २०१२ च्या अखेरीस अमेरिकेत मान्य झाले, तेव्हा त्याआधीच्या तशाच औषधाला सुमारे चार दशके उलटून गेली होती.

मुंबईकरांना या संकटाची ओळख करून देण्याची गरज नाही. २०११ च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तपासलेल्या सर्व औषधांना प्रतिरोध करणाऱ्या क्षयजंतूंच्या चार रुग्णांची नोंद एका वैद्यकीय नियतकालिकातून जगासमोर ठेवली. अशा रोगाला कोणते नाव द्यावे यावर तेव्हा बराच वाद झाला. मात्र त्या रुग्णांसाठी औषधांचे पर्याय जवळजवळ संपले होते, ही वस्तुस्थिती नावाच्या वादाने बदलणारी नव्हती. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. त्यामुळे नव्या औषधाची वाट आपल्याइतकी दुसरा कोणताही देश पाहत नाही.

अगदी नवा रेणू शोधून तो रुग्णापर्यंत पोहोचवायला दहा-बारा वर्षे आणि प्रचंड खर्च लागतो. त्यातील बहुसंख्य रेणू वाटेतच बाद होतात. उलट, जे औषध कोट्यवधी माणसांनी घेतलेले आहे, त्याचे शोषण कसे होते, ते किती वेळ शरीरात राहते, यकृतावर किंवा मूत्रपिंडावर काय परिणाम करते याची माहिती आधीच उपलब्ध असते. अशा औषधाचा दुसऱ्या रोगासाठी उपयोग शोधला, तर वाटेतील पहिले काही टप्पे वाचतात. औषधांच्या पुनर्वापराच्या कल्पनेमागील हिशेब हा असा आहे.

दाह आणि त्यावरील औषध

शरीराला इजा झाली किंवा जंतूंनी प्रवेश केला की त्या जागी रक्तप्रवाह वाढतो, पांढऱ्या पेशी धावून येतात, जागा लाल होते, सुजते, दुखते. या साऱ्या प्रतिक्रियेला दाह म्हणतात. ती घडवून आणणाऱ्या रसायनांमध्ये प्रोस्टाग्लँडिन्सचा वाटा मोठा असतो. सायक्लोऑक्सिजनेज नावाचे एन्झाइम ही रसायने तयार करते. अ‍ॅस्पिरिन आणि तिच्यासारखी औषधे या एन्झाइमचे काम रोखतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. पुढे १९८२ मध्ये वेन हे नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

येथे एक कोडे उभे राहते. ज्या एन्झाइमवर ही औषधे माणसाच्या शरीरात काम करतात, ते लक्ष्य रोगकारक जिवाणूंमध्ये नसते. मग जिवाणूंवर त्यांचा परिणाम झालाच, तर तो कशामुळे? याचा अर्थ, तोच रेणू जिवाणूच्या पेशीत वेगळ्याच ठिकाणी जाऊन बसत असला पाहिजे. एका घराच्या किल्लीने योगायोगाने दुसऱ्याच घराचे कुलूप उघडावे, तसा हा प्रकार. ते दुसरे कुलूप कोणते हे एकदा कळले की त्यासाठी अधिक चपखल किल्ली घडवता येते. या संशोधनातील खरे मोल त्या कुलपाच्या शोधात आहे.

अ‍ॅस्पिरिनच्या नात्यातील औषध

आता त्या जुन्या कथेकडे वळू. १९४० मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे फ्रेडरिक बर्नहाइम यांनी एक छोटे निरीक्षण प्रसिद्ध केले. क्षयाच्या जंतूंना सॅलिसिलेट, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या मुळाशी असलेले रसायन, दिले की ते जंतू अधिक प्राणवायू वापरू लागतात. पाहायला गेले तर हे निरीक्षण निरुपयोगी होते, कारण जंतू मरत नव्हते, उलट अधिक जोमाने श्वसन करीत होते.

स्वीडनमधील गोथेनबर्गचे डॉक्टर यॉर्गेन लेमान यांनी मात्र त्यातून वेगळाच निष्कर्ष काढला. जंतू सॅलिसिलेट आत घेऊन वापरत असेल, तर हुबेहूब तसाच दिसणारा पण किंचित वेगळा रेणू त्याला दिल्यास तो फसेल आणि त्याचे चयापचय बंद पडेल, असा त्यांचा तर्क होता. सल्फा औषधे अशाच नकलेच्या तत्त्वावर काम करतात, हे तेव्हा नुकतेच उमगले होते. लेमान यांनी १९४३ मध्ये फेरोसान या औषध कंपनीला पत्र लिहून, सॅलिसिलिक आम्लाला एका विशिष्ट जागी अमिनो गट जोडलेला रेणू तयार करण्याची सूचना केली. कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी तो मोठ्या खटपटीने तयार केला. १९४४ मध्ये तो रुग्णांना दिला गेला आणि १९४६ च्या जानेवारीत त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. या औषधाचे नाव पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल, थोडक्यात 'पास'.

याच सुमारास अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला होता. ब्रिटनमधील वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याची जी चाचणी घेतली, तिचा निष्कर्ष १९४८ मध्ये जाहीर झाला. सहा महिन्यांच्या अखेरीस स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४, तर ते न मिळालेल्या ५२ पैकी १४ रुग्ण दगावले होते. यश डोळ्यांत भरणारे होते, पण ते टिकले नाही. जंतूंनी औषधाला प्रतिरोध निर्माण केला आणि पाच वर्षांनी पाहता दोन्ही गटांतील मृत्यूंत फारसा फरक उरला नव्हता. पुढील चाचणीत स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला 'पास' देण्यात आले, तेव्हा प्रतिरोधाचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. क्षयावर एकाच वेळी एकाहून अधिक औषधे द्यायची, हा आजही पाळला जाणारा नियम या अनुभवातून रुजला.

'पास' भारतातही आले. १९५६ मध्ये मद्रासला स्थापन झालेल्या क्षयोपचार संशोधन केंद्राने एक साधा पण दूरगामी प्रश्न हाती घेतला. रुग्णाला आरोग्यधामात ठेवणे आवश्यक आहे, की तो घरी राहूनही बरा होऊ शकतो? दोन्ही गटांना आयसोनियाझिड आणि 'पास' ही औषधे वर्षभर देण्यात आली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दाटीवाटीच्या वस्तीतील घरी राहून औषध घेणारे रुग्णही आरोग्यधामातील रुग्णांइतकेच चांगले बरे होत होते. जगभरातील क्षयोपचार आरोग्यधामांतून बाहेर पडून घरोघरी पोहोचले, त्यामागे या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. त्या अभ्यासातील दोनपैकी एक औषध अ‍ॅस्पिरिनच्या नात्यातील होते, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

'पास' परिपूर्ण नव्हते. रोज कित्येक ग्रॅम औषध घ्यावे लागे, मळमळ होई, पोट बिघडे. म्हणून पुढे अधिक सोयीच्या औषधांनी त्याची जागा घेतली. आजही औषधप्रतिरोधी क्षयात अन्य पर्याय कमी पडतात तेव्हा ते वापरले जाते. गंमत अशी, की लेमान यांचा मूळ तर्क पुरता बरोबर नव्हता. 'पास' जंतूच्या श्वसनावर नव्हे, तर त्याच्या फोलेट तयार करण्याच्या यंत्रणेवर घाला घालते, हे २०१३ च्या सुमारास स्पष्ट झाले. तर्क अपुरा होता, पण रेणूत फेरबदल करून पाहण्याची दिशा अचूक होती. आजच्या संशोधनासाठी हा धडा महत्त्वाचा आहे.

प्रयोगशाळांतील आजचे चित्र

भारतात या विषयाची मुहूर्तमेढ कोलकात्यातील जादवपूर विद्यापीठाच्या संशोधकांनी रोवली. सुजाता दस्तिदार आणि त्यांचे सहकारी, प्रतिजैविक नसलेल्या औषधांतील जिवाणूरोधक गुणांचा दीर्घकाळ अभ्यास करीत होते. डायक्लोफिनॅक जिवाणूच्या डीएनएची निर्मिती रोखते, असे त्यांनी २००० मध्ये दाखवले. पुढे क्षयाच्या जंतूंवर आणि उंदरांवरही त्यांनी प्रयोग केले. डायक्लोफिनॅक आणि स्ट्रेप्टोमायसिन एकत्र दिल्यास परिणाम अधिक चांगला दिसतो, असे त्यांना आढळले.

पण डायक्लोफिनॅकसारखी औषधे डीएनएची निर्मिती नेमकी कशी रोखत असतील? या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठाच्या संशोधकांच्या हाती लागला. जिवाणू विभागतो तेव्हा त्याच्या डीएनएची प्रत तयार होते. हे काम करणारे एन्झाइम डीएनएच्या धाग्यावरून घसरून पडू नये म्हणून त्याला एका प्रथिनाच्या कड्याचा आधार असतो. हे कडे डीएनएभोवती बांगडीसारखे बसते आणि धाग्यावरून सरकत जाते. कार्प्रोफेन, ब्रॉम्फिनॅक आणि व्हेडाप्रोफेन ही दाहशामके या कड्यावरील खाचेत जाऊन बसतात आणि प्रत काढण्याचे काम अडवतात, असे या गटाने दाखवले. माणसाच्या पेशीतही असे कडे असते, पण त्याची घडण वेगळी आहे. म्हणूनच केवळ जिवाणूचे कडे पकडणारा रेणू घडवणे शक्य वाटते. या दाहशामकांची जिवाणूनाशक शक्ती स्वतःपुरती क्षीणच आहे. पण कोणत्या खाचेवर नेम धरायचा, हे त्यांनी दाखवून दिले.

लंडनमधील बर्कबेक महाविद्यालयात संजीव भक्त यांच्या गटाने क्षयाच्या जंतूंवर आयबुप्रोफेन आणि तिच्या कुळातील औषधे तपासली. त्यांचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे याच गटाने कार्प्रोफेनवर लक्ष केंद्रित केले. हे औषध एकेकाळी माणसांनाही दिले जात असे. आता ते मुख्यतः कुत्र्यांच्या सांधेदुखीवर वापरतात. क्षयाचा जंतू आत शिरलेले औषध बाहेर फेकण्यासाठी पेशीभित्तिकेत जणू पंप बसवतो. कार्प्रोफेन या पंपांच्या कामात अडथळा आणते आणि इतरही मार्गांनी जंतूला दुबळे करते, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले. जंतूचा पंप बंद पडला, तर निकामी ठरलेली जुनी औषधे पुन्हा परिणामकारक होऊ शकतील, ही त्यामागील आशा आहे.

न्यूयॉर्कमधील वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयाचे कार्ल नेथन यांच्या गटाचे काम आणखी वेगळ्या अंगाने जाते. क्षयाचे उपचार महिनोन् महिने चालतात, याचे एक मोठे कारण म्हणजे सुप्त जंतू. ते विभागत नाहीत, नुसते दबा धरून बसतात, आणि बहुतेक प्रतिजैविके विभागणाऱ्या जंतूंनाच प्रभावीपणे मारतात. २०१२ मध्ये या गटाने शरीरातील परिस्थितीची नक्कल केली. कमी प्राणवायू, किंचित आम्लता, नायट्रिक ऑक्साइड आणि अन्न म्हणून मेदाम्ल. अशा स्थितीतील सुप्त जंतूंवर त्यांनी हजारो रसायने तपासली, तेव्हा ऑक्सिफेनब्युटाझोन हे संधिवाताचे जुने औषध प्रभावी ठरले. मात्र लगेच एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. उंदराचे शरीर हे औषध इतक्या झपाट्याने निकामी करते, की नेहमीच्या पद्धतीने त्यावर प्रयोगच करता येईना. शिवाय अस्थिमज्जेवरील गंभीर दुष्परिणामांमुळे अनेक देशांनी हे औषध पूर्वीच बाजारातून हटवले होते.

सोन्याचा फेरफटका

दाहशामकांच्या यादीत सोनेही आहे, हे वाचून आश्चर्य वाटेल. १८९० मध्ये क्षयजंतूचे शोधक रॉबर्ट कॉख यांनी सोन्याचे एक संयुग परीक्षानळीत क्षयाच्या जंतूंची वाढ थांबवते असे नोंदवले. त्या आधारावर १९२० च्या दशकात युरोपात क्षयरुग्णांना सोन्याची इंजेक्शने देण्याची लाट आली. १९३१ मध्ये अमेरिकेतील जे. बर्न्स अँबरसन आणि सहकाऱ्यांनी मिशिगनमधील एका आरोग्यधामात २४ रुग्णांचे दोन गट केले. कोणत्या गटाला औषध द्यायचे, हे नाणे उडवून ठरवले. सोन्याने रुग्णांना लाभ तर झाला नाहीच, उलट अपाय झाला. परीक्षानळीतील यशाचा रुग्णाच्या शरीरात कसा फज्जा उडतो, याचे हे अभिजात उदाहरण म्हणावे लागेल.

दरम्यान फ्रान्सच्या जॅक फोरेस्टिए यांनी संधिवाताचे क्षयाशी साम्य असावे अशा समजुतीने तेच सोने संधिवातावर वापरले. समजूत चुकीची होती, पण गुण आला. त्यातून पुढे पोटात घेता येईल असे ऑरानोफिन हे सुवर्णयुक्त औषध आले. त्याला १९८५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आता हेच ऑरानोफिन पुन्हा जंतूंकडे वळले आहे. कॅलिफोर्नियातील संशोधकांना २०१२ मध्ये ते आमांशाच्या अमिबावर परिणामकारक आढळले. २०१५ मध्ये क्षयजंतू आणि स्टॅफिलोकोकस यांच्यावरील त्याचा परिणाम प्रसिद्ध झाला. थायोरेडॉक्सिन रिडक्टेज या एन्झाइमला ते जखडते. ज्या जिवाणूंकडे बचावाची दुसरी रासायनिक यंत्रणा नाही, ते मग तग धरू शकत नाहीत. पण ज्या जिवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असते, त्यांवर त्याचा प्रभाव कमी पडतो. रुग्णांवरील अनुभवही सावध करणारा आहे. दक्षिण आफ्रिकेत क्षयरुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या चाचणीत नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून काही औषधे देण्यात आली होती. त्यांपैकी ऑरानोफिनचा गट गंभीर दुष्परिणामांमुळे मध्येच थांबवावा लागला.

अडथळ्यांची शर्यत

पहिला अडथळा मात्रेचा. परीक्षानळीत जिवाणू मारण्यासाठी दाहशामकाची जी तीव्रता लागते, ती नेहमीच्या गोळीने रक्तात बहुधा येत नाही. त्यातच या औषधांचे रक्तातील बहुतांश रेणू अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहतात. डायक्लोफिनॅकच्या बाबतीत शंभरातील नव्याण्णवांहून अधिक रेणू असे बांधलेले असतात. जंतूशी लढायला मोकळा उरतो तो अत्यल्प अंश. मात्रा वाढवावी, तर जठरातील रक्तस्राव, मूत्रपिंडाचे नुकसान आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणूनच रेणूत बदल करणे अटळ ठरते.

दुसरा अडथळा औषधांच्या परस्परसंबंधांचा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये क्षयग्रस्त उंदरांवर केलेले दोन प्रयोग या दृष्टीने बोलके आहेत. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन यांच्यामुळे पायराझिनामाइड या क्षयाच्या औषधाचा प्रभाव वाढला. पण तीच अ‍ॅस्पिरिन आयसोनियाझिडच्या जोडीला दिली, तेव्हा त्याचा प्रभाव घटला. म्हणजे एकच गोळी एका औषधाला मदत करते आणि दुसऱ्याच्या कामात खोडा घालते. क्षयावर ही दोन्ही औषधे एकत्रच दिली जातात, हे लक्षात घेतले म्हणजे गुंता ध्यानात येईल.

तिसरा अडथळा सर्वांत विचार करायला लावणारा आहे. दाहशामके जिवाणूंना अधिक निबरही करू शकतात. सॅलिसिलेटच्या सान्निध्यात ई-कोलाय जिवाणू अनेक प्रतिजैविकांना तात्पुरते दाद देईनासे होतात, असे अमेरिकेतील ज्युडा रोझनर यांनी १९८५ मध्येच दाखवले होते. धोक्याची चाहूल लागताच जिवाणू आपली दारे मिटून घेतो आणि बाहेर फेकणारे पंप वेगाने चालवतो. २०२५ मध्ये साउथ ऑस्ट्रेलिया विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यात भर घातली. सिप्रोफ्लॉक्सासिनसोबत आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल असल्यास ई-कोलायमध्ये प्रतिरोध देणारे जनुकीय बदल वाढतात, असे त्यांना प्रयोगशाळेत दिसले. रुग्णांच्या शरीरातही असेच घडते काय, हे त्यावरून सिद्ध होत नाही. पण ज्या कुळातून नवे औषध मिळण्याची आशा आहे, तेच कुळ जुन्या औषधांचा घात करू शकते, ही शक्यता संशोधकांना पदोपदी तपासावी लागणार.

जुने औषध म्हणजे सर्वांसाठी निर्धोक औषध, हा समजही भ्रामक आहे. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. तोवर भारतीय उपखंडातील गिधाडांच्या तीन जाती विनाशाच्या कड्यावर येऊन ठेपल्या होत्या. २००६ मध्ये भारताने डायक्लोफिनॅकचा पशुवैद्यकीय वापर थांबवला. तिच्या जागी सुचवले गेलेले मेलॉक्सिकॅम हेही दाहशामकच, पण ते गिधाडांना सोसते. कुळ एक असले तरी रेणूच्या घडणीतील फरकाने विष आणि औषध यांतील सीमा कशी बदलते, हे यातून दिसते.

दाह शमवणे वेगळे, जंतू मारणे वेगळे

या विषयावरील बातम्या वाचताना वाचकांचा एक गोंधळ होण्याचा संभव असतो. संसर्गात दाहशामके दोन वेगळ्या हेतूंनी वापरली जातात. जंतूला इजा करणे हा एक हेतू. दुसरा म्हणजे, शरीराची स्वतःचीच प्रतिक्रिया अतिरेकी होऊन अवयवांचे नुकसान करीत असेल तर तिला आवर घालणे. मेंदूच्या आवरणाच्या क्षयात पक्षाघात टाळण्यासाठी अ‍ॅस्पिरिन देण्याचे जे प्रयोग लखनौ आणि व्हिएतनाममध्ये झाले, ते दुसऱ्या प्रकारातील होत.

या दुसऱ्या वाटेचे सर्वांत ठळक यश करोनाच्या साथीत दिसले. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीने २०२० च्या जूनमध्ये दाखवले, की डेक्सामिथासोन या स्वस्त आणि जुन्या स्टेरॉइडमुळे कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. ते विषाणूला मारत नव्हते, तर दाहाला लगाम घालत होते. त्याच औषधांचा अवाजवी वापर कोठे नेतो, हेही महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिले. मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिरेक यांच्या संयोगाने म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाने अनेकांचे डोळे आणि जबडे हिरावले. दाह ही शरीराची संरक्षक फळीही असते. ती कधी, किती आणि कोणासाठी खाली आणायची, हा निर्णय चुकला तर जंतूंना मोकळे रान मिळते.

खर्च कोणी करायचा?

शास्त्रीय अडचणींइतकीच अवघड बाब पैशाची आहे. ज्या औषधाचे पेटंट केव्हाच संपले, त्याच्या नव्या उपयोगासाठी मोठी चाचणी घेण्यात खासगी कंपनीला स्वारस्य नसते. कारण निष्कर्ष अनुकूल आला, तरी ती स्वस्त गोळी कोणीही बनवू शकतो. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(डी)नुसार, ज्ञात पदार्थाचा केवळ नवा उपयोग शोधणे हा पेटंटयोग्य शोध ठरत नाही. औषधांच्या किमती आवाक्यात ठेवण्यासाठी ही तरतूद मोलाची आहे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेक या कर्करोगाच्या औषधाचा निकाल देताना या कलमावरच बोट ठेवले होते. पण तिचा अर्थ असाही होतो, की जुन्या औषधाच्या नव्या उपयोगाचा भार आपल्याकडे मुख्यतः सार्वजनिक निधीनेच उचलला पाहिजे. 'रिकव्हरी'सारखी चाचणी सार्वजनिक पैशावर उभी राहिली होती. आपल्याकडेही वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने २००८ मध्ये क्षयाच्या औषधांसाठी मुक्त सहकार्यावर आधारित संशोधनाचा प्रकल्प सुरू केला होता. जगातील सर्वाधिक क्षयरुग्ण असलेल्या देशाने अशा कामात सातत्य राखणे अगत्याचे आहे.

तोवर वाचकांनी काय करावे? एक गोष्ट निश्चितपणे करू नये. आयबुप्रोफेन जंतू मारते असे कोठेतरी वाचून संसर्गावर ती गोळी मनाने घेऊ नये. वेदना आणि ताप दबल्याने आजार बरा होत असल्याचा भास होतो आणि योग्य उपचारांना उशीर होतो. ताप डेंग्यूचा असेल, तर अशा गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. क्षयाची औषधे चालू असणाऱ्यांनी वेदनाशामक घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. प्रतिजैविकांचा क्रम अर्धवट सोडू नये आणि दुसऱ्याची उरलेली औषधे घेऊ नयेत.

२०२४ मध्ये भारत सरकारने औषधप्रतिरोधी क्षयासाठी बेडाक्विलिनचा समावेश असलेल्या सहा महिन्यांच्या नव्या उपचारक्रमाला मान्यता दिली. पूर्वी दीड-दोन वर्षे चालणाऱ्या उपचारांच्या तुलनेत हा फार मोठा दिलासा आहे. परंतु बेडाक्विलिनला प्रतिरोध करणारे जंतूही आढळू लागले आहेत. स्ट्रेप्टोमायसिनच्या वेळी जे घडले, त्याची ही पुनरावृत्ती आहे. त्या वेळी अ‍ॅस्पिरिनच्या नात्यातील एक औषध जोडीला तयार होते. पुढील वेळी जोडीला कोण उभे राहणार, याचा शोध वोलोंगाँगपासून लंडनपर्यंतच्या प्रयोगशाळांत चालू आहे, आणि त्याच्या निकालाची सर्वाधिक प्रतीक्षा आपल्याकडील रुग्णांना आहे.